‘ट्रस्ट’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘ट्रस्ट’ म्हणजे मुळात विश्वास. मध्ययुगीन इंग्लंडात जमीन एकाच्या नावे, पण दुसऱ्याच्या हितासाठी ठेवीत. त्यातून कायद्यातील ‘ट्रस्ट’ जन्मास आला. १८८२ साली हिंदुस्थानात खाजगी ट्रस्टांचा कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘स्टँडर्ड ऑइल’ने ट्रस्ट स्थापिला आणि पुढे हा शब्द मक्तेदारीचा वाचक ठरला!

आम्ही वकील मंडळी त्यास ‘न्यास’ म्हणतो. धर्मशास्त्रात न्यास म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. परंतु देवस्थानास इंग्रजी साचा पुरता बसत नाही. महंत हा इंग्रजी अर्थाने ‘ट्रस्टी’ नव्हे, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला. देवस्वाचा धनी देव. आपण केवळ कारभारी. शब्द कोणताही योजावा, हे भान सुटू नये.