क्रिएटिनिनच्या शेजारी वजन

एचआयव्हीच्या उपचारात किडनीचा प्रश्न उशिरा आला. 1986 साली चेन्नईत भारतातली पहिली लागण उघड झाली. तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं माणूस वाचतो की नाही, एवढीच चिंता होती. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. मोठ्या शहरांतली एआरटी केंद्रं हळूहळू जिल्ह्यांत पोचली. यवतमाळचं केंद्र श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

त्या काळातल्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने अनेकांचे गाल बसत, पायांना मुंग्या येत. झिडोव्ह्युडिनने रक्त उतरे. 2013 च्या सुमारास टेनोफोविर असलेली, रात्री झोपताना घ्यायची एकच गोळी आली, आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण टेनोफोविर शरीराबाहेर पडतं किडनीतून, आणि काहींच्या किडनीतल्या सूक्ष्म नलिकांना त्याचा त्रास होतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि मग दर सहा महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, तपासायची रीत पडली.

ही तपासणी एचआयव्हीपेक्षा कितीतरी जुनी. 1886 साली मॅक्स याफे यांना दिसलं, की अल्कलीत पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिन मिळालं की नारिंगी-लाल रंग उमटतो. आजही अनेक प्रयोगशाळा याच रंगाची गडदता मोजतात. चाचणी स्वस्त आहे, निकाल लवकर मिळतो.

अडचण दुसरीकडे आहे. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. अंगावर मांसच नसेल, तर किडनी थकलेली असूनही आकडा सरळ दिसतो. 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी क्रिएटिनिनसोबत वय आणि वजन धरून किडनीची क्षमता काढायचं सूत्र दिलं, तेही 249 पुरुषांच्या मोजमापांवरून. बायकांसाठी त्यातून पंधरा टक्के वजा करायचे, हा अंदाज होता. तरी ते सूत्र लावून बघावं. सत्तर किलोचा, तीस वर्षांचा पुरुष आणि चाळीस किलोची, पंचावन्न वर्षांची कापूस वेचणारी बाई. दोघांचं क्रिएटिनिन 1.0, रिपोर्टवर दोघंही ‘नॉर्मल’. सूत्राने त्याची क्षमता मिनिटाला सुमारे 107 मिलिलिटर येते, तिची 40. टेनोफोविरसाठी 50 ही मर्यादा धरली जाते.

विदर्भातल्या मजूर बायांच्या अंगकाठीचा विचार केला, तर हा फरक किरकोळ राहत नाही. नुसता आकडा लिहून कागद पुढे सरकवणं म्हणजे त्या बाईला तपासलंच नाही, असं म्हणावं लागेल.

2020 च्या सुमारास डोल्युटेग्राविर आलं आणि आकडा उलट बाजूने फसवू लागला. हे औषध किडनीला इजा न करता क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत आकडा थोडा वर चढतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर चांगली चाललेली गोळी उगाच बंद करू शकतो.

सिस्टॅटिन सी हे प्रथिन किडनीचं माप म्हणून 1985 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे आणलं. ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत तयार होतं, म्हणून स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. कृश माणसासाठी तेच खरं. मात्र विषाणू आटोक्यात नसेल, शरीरात दाह असेल, तर तेही वाढतं, शिवाय खर्च क्रिएटिनिनपेक्षा जास्त. ही चाचणी आवाक्यात येईपर्यंत केंद्रात वजनकाटा आहे आणि लघवीची पट्टी मिळते. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर किंवा प्रथिन दिसलं, तर नलिका दुखावल्याची शंका क्रिएटिनिन चढण्याआधीच घेता येते.