प्लेगचा जंतू, त्याची जनुके आणि लस : साष्टीच्या गावठाणांपासून बीडच्या मामला गावापर्यंत

मुंबई उपनगर : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके मिळून मुंबई उपनगर जिल्हा होतो. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातला साष्टी तालुका होता. भातशेती, मिठागरे, आंब्या-ताडाची झाडे आणि मधेमधे गावठाणे. १८९६ साली मुंबई शहरात प्लेग आला तेव्हा माणसे जीव मुठीत धरून शहराबाहेर पडली. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन गावठाणांत त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात.

प्लेग म्हणजे जुन्या लोकांचा गाठीचा ताप. तो संपला असे अनेकांना वाटते. पण याच राज्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ साली तो पुन्हा दिसला. म्हणून या जंतूबद्दल आज शास्त्राला काय कळले आहे, लस कुठपर्यंत आली आहे आणि गावपातळीवर काय करायचे, याची ही माहिती.

मुंबईतली सुरुवात

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांना प्लेगच झाला आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखले. त्याआधी दोन वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी हा जंतू शोधला होता. म्हणून त्याचे नाव यर्सिनिया पेस्टिस.

सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावले. मूळचे ओडेसाचे हे शास्त्रज्ञ आधी कोलकात्यात पटकीच्या लसीचे काम करत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या लहानशा जागेत त्यांनी मांसाच्या रश्श्यात तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवले. मग उष्णता देऊन मारले आणि लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. टोचून घेतलेले वाचले, न टोचलेल्यांत मृत्यू झाले.

१८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

मात्र ही लस अपुरी होती. ताप यायचा, हात सुजायचा, संरक्षण काही महिनेच टिकायचे. गाठीच्या प्लेगात तिचा उपयोग व्हायचा, फुप्फुसाच्या प्लेगात फारसा नाही. असे का, हे जनुके वाचता येऊ लागली तेव्हा उलगडले.

जंतूच्या आत काय आहे?

बियाण्याच्या पिशवीवर वाण आणि लॉट नंबर छापलेला असतो. जंतूची जनुके म्हणजे तशीच, पण खूप लांब नोंद. २००१ साली ब्रिटनमधल्या सँगर सेंटरच्या शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूची संपूर्ण नोंद वाचून प्रसिद्ध केली. मुख्य साखळीत सुमारे ४६ लाख ५० हजार अक्षरे निघाली. तिच्याशिवाय तीन लहान कड्या असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. या जंतूचा घातकपणा मोठ्या प्रमाणात या कड्यांमध्ये आहे.

पहिली कडी सर्वांत लहान, साधारण ९,६०० अक्षरांची. तिच्यातल्या 'पीएलए' नावाच्या जनुकामुळे पिसू चावलेल्या जागेवरून जंतू शरीरात पसरतो.

दुसरी कडी सुमारे ७० हजार अक्षरांची. तिच्यात 'व्ही' नावाचे प्रथिन बनवण्याची कृती आहे. हे प्रथिन आणि त्याच्या जोडीची यंत्रणा वापरून जंतू आपल्या पांढऱ्या पेशींना निकामी करतो.

तिसरी कडी सुमारे ९६ हजार अक्षरांची. तिच्यातले एक जनुक जंतूला पिसवेच्या पोटात जिवंत ठेवते. दुसरे जनुक 'एफ-वन' नावाचे प्रथिन बनवते. माणसाच्या अंगातल्या ३७ अंश उष्णतेला जंतू या प्रथिनाचे पांघरूण घेतो. मग पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही.

पहिली आणि तिसरी कडी प्लेगच्या जंतूने नंतर मिळवली. त्याचा पूर्वज पोटाचे साधे दुखणे करणारा जंतू आहे. तो आजही माती-पाण्यात सापडतो. त्यातल्याच एका फांदीला पिसवेत राहायची आणि रक्तात पसरायची कला आली आणि त्याचा प्लेग झाला.

वंशावळ कशी लागली?

लंडनमध्ये १३४८ ते १३५० च्या महामारीत पुरलेल्या माणसांच्या दातांतून २०११ साली प्लेगची जनुके वाचण्यात आली. २०२२ साली किर्गिझस्तानमधल्या १३३८-३९ च्या कबरींतूनही ती मिळाली. जगभरचे नमुने शेजारी ठेवल्यावर मुंबईच्या साथीचा मागही लागला. चीनमधून हाँगकाँगमार्गे जहाजांनी जगभर गेलेली एकच फांदी, तीच मुंबईच्या गोदीत उतरली.

याचा एक अर्थ लसीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा जंतू फ्लूसारखा दरवर्षी रूप बदलत नाही. चांगली लस एकदा बनली तर ती बराच काळ चालू शकते.

१९९४ : मामला आणि सुरत

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात माणसे घरात झोपायला घाबरत होती. घरात दाणागोटा तसाच पडून राहिला, उंदीर वाढले, असे कारण त्या वेळी दिले गेले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्यात आधी उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि मग माणसांना ताप येऊन काखेत-जांघेत गाठी दिसू लागल्या.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला. लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेहून मुंबईला येणारी रेल्वे बोरिवली-अंधेरीवरूनच येते, त्यामुळे उपनगरांतही घबराट झाली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झाले. परदेशी विमाने बंद झाली, निर्यात अडकली. देशभरात ५० हून अधिक मृत्यू झाले.

त्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ एकाच प्रश्नावर झाला : हा प्लेगच आहे का? जंतू वाढवून ओळखायला दिवस लागले. तज्ज्ञांमध्ये वाद झाले. पुढे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली आणि तो प्लेगच होता हे पक्के झाले. तोपर्यंत जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

आज तसे थांबावे लागत नाही. पीसीआर तपासणीत प्लेगची खास जनुके काही तासांत दिसतात. 'एफ-वन' प्रथिन ओळखणारी पट्टी गाठीतल्या पाण्यावर साधारण १५ मिनिटांत निकाल देते. मादागास्करमध्ये ती खेड्यांत वापरली गेली आहे. तिथे २०१७ साली मोठी साथ आली होती.

मग लस कुठे आहे?

हाफकिन यांच्या पद्धतीच्या लसीत 'एफ-वन' भरपूर असायचे, 'व्ही' जवळजवळ नसायचे. फुप्फुसाच्या प्लेगापुढे ती कमी पडायची त्याचे हे मोठे कारण. शिवाय 'एफ-वन'चे पांघरूण नसलेले जंतूही रोग करू शकतात. म्हणून नव्या लसींत ही दोन्ही प्रथिने एकत्र घेतात. जंतू वाढवण्याची गरज नाही. फक्त ती दोन जनुके निरुपद्रवी जंतूत बसवून प्रथिने काढून घेतात. भारतात ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत या दोन प्रथिनांवर काम झाले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने कोविडच्या लसीचेच तंत्र वापरून २०२१ साली माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू केली. इस्रायलमध्ये २०२३ साली एमआरएनए पद्धतीची लस उंदरांवर यशस्वी ठरली.

तरीही आरोग्य केंद्रात ही लस मिळत नाही. रुग्ण थोडे आणि विखुरलेले असल्याने लस खरेच वाचवते का, हे हजारो माणसांवर तपासता येत नाही. गरीब भागातला रोग, त्यामुळे कंपन्यांना नफाही दिसत नाही. जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची जुनी लस रशिया, चीनसारख्या देशांत वापरतात. जागतिक आरोग्य संघटना सरसकट लसीकरणाची शिफारस करत नाही. जोखमीचे काम करणाऱ्यांनाच लस द्यावी, असे तिचे म्हणणे आहे.

म्हणजे आज तरी बचाव दोनच गोष्टींवर आहे : लवकर कळणे आणि लवकर औषध. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे प्लेगावर चालतात. उपचार नसेल तर गाठीच्या प्लेगात शंभरात ३० ते ६० जण दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगात पहिल्या २४ तासांत औषध सुरू झाले नाही तर वाचणे अवघड.

गावात आणि वस्तीत काय लक्षात ठेवावे?

• घरात, गोठ्यात, धान्याच्या कोठीजवळ कारण नसताना एकापाठोपाठ उंदीर मरून पडू लागले तर ते लपवू नये. ग्रामपंचायत, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगावे. उपनगरात महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातील कीटकनाशक विभागाला कळवावे.

• मेलेल्या उंदराला उघड्या हाताने धरू नये. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून दुसरे अंग शोधतात.

• आधी पिसवा, मग उंदीर हा क्रम पाळावा. साथीच्या वेळी घाईने उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे येतात. फवारणी आरोग्य खात्याच्या सल्ल्याने आधी करून घ्यावी.

• उंदीर पडल्यानंतर आठवडाभरात कोणाला जोराचा ताप, थंडी आणि काखेत, जांघेत किंवा मानेला दुखरी गाठ आली तर दवाखान्यात उंदरांची गोष्ट आवर्जून सांगावी. डॉक्टरांना नुसत्या तापावरून प्लेग सुचत नाही.

• मनाने गोळ्या घेऊ नयेत, साठवूही नयेत. मादागास्करमध्ये अनेक औषधांना दाद न देणारा प्लेगचा जंतू १९९५ सालीच एका रुग्णात सापडला आहे. हा गुण त्याला दुसऱ्या जंतूकडून आलेल्या प्लाझ्मिडच्या कडीतून मिळाला होता.

मामल्यानंतरही २००२ साली हिमाचलमध्ये शिमला जिल्ह्यात आणि २००४ साली उत्तरकाशीत प्लेग दिसला. दोन्ही ठिकाणी तो लवकर आटोक्यात आला. जंतू रानातल्या उंदरांत टिकून राहतो. मधली वीस-तीस वर्षे शांत गेली म्हणजे तो गेला असे होत नाही. जुनी माणसे उंदीर पडले की गाव सोडून रानात झोपड्या घालायची. आता गाव सोडायची गरज नाही. खबर मात्र त्यांच्याइतक्याच लवकर द्यायला हवी.