थारा

२९ एप्रिल १८५८च्या रात्री प्राणहितेच्या काठी चुंचगुंडी इथे तारखात्याचा तळ पडला होता. बाबुराव शेडमाके आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी त्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे मारले गेले, तिसरा पीटर निसटला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा प्रसंग उठावाचा म्हणून आपल्याला माहीत असतो, आणि तो तसाच आहे. पण मला त्यात मुक्कामाचाही इतिहास दिसतो. या जंगलात रात्री कोण कुठे झोपतो, ही सरकारच्या दृष्टीने किरकोळ बाब कधीच नव्हती.

१८६७ साली सराई कायदा आला. तो सुरुवातीला वायव्य प्रांतांपुरता होता, पण इतर प्रांतांच्या सरकारांना आपल्याकडे लागू करता येईल अशी सोय त्यात होती. सराईची नोंद जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, पहारेकरी ठेवणं बंधनकारक, दराचा तक्ता लावायचा, संसर्गजन्य आजार कळवायचा, आणि मागितलं तर आदल्या रात्री कोण उतरलं त्याचा रोजचा अहवाल द्यायचा. मी पोटापाण्यासाठी फॉर्म आणि डेटाबेस बांधतो. फॉर्ममध्ये कुठले रकाने सक्तीचे आहेत हे पाहिलं की बनवणाऱ्याला कशाची काळजी आहे ते बऱ्यापैकी कळतं. या कायद्याला दोन काळज्या होत्या, पटकी आणि परका माणूस.

२६ ऑगस्ट १९८२ला जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तोवर दोन्हीकडचं जंगल एकाच जिल्हा कचेरीखाली होतं. गेल्या चाळीस वर्षांत मात्र ‘एक रात्र राहू द्या’ या साध्या वाक्याला दोन्हीकडे दोन वेगळे अर्थ आले.

चंद्रपूरच्या बाजूला ताडोबा. १९५५चं राष्ट्रीय उद्यान, १९८६चं अंधारी अभयारण्य, १९९५चा व्याघ्र प्रकल्प. जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभ्यात पर्यटनासाठी नवं बांधकाम नाही, असलेल्या कायम सोयी टप्प्याटप्प्याने बंद, आणि गाभ्यातून उठवलेल्या लोकांना बफरमधल्या पर्यटनाच्या रोजगारात प्राधान्य. वाचायला हे छानच आहे. पण मुक्काम बाहेर गेला की बाहेरच्या जमिनीचे भाव वाढतात आणि मग प्राधान्य कागदावरच राहतं. मोहर्लीच्या रस्त्यावर रिसॉर्टांच्या पाट्या वाचत गेलं तर फार समजावून सांगावं लागत नाही. इथे सरकारला भीती आहे ती गर्दीची. म्हणून गेटवर गाड्यांचा आकडा ठरलेला आणि सफारीला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं.

माझे मामा तिकडचेच. घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या म्हणतात. निवास-न्याहारी योजनेचे कागद मी त्यांना वाचून दाखवले तर म्हणाले, “अरे, पाहुणा घरी झोपते, चुलीवरचं खाते, त्याले एवढे कागद काहाले पायजे?”

हाच प्रश्न भामरागडच्या एखाद्या गावात विचारला तर कुणी हसणार नाही. १९८०च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी इकडे आले. तेव्हापासून रात्री दाराशी बंदूक घेऊन कुणी उभं राहिलं आणि भात मागितला तर नाही म्हणायची सोय नव्हती. दिल्यावर सकाळी पोलीस विचारायला येत, आणि पोलिसांशी बोललं म्हणून खबऱ्या ठरवून मारलेल्यांची यादीही लांब आहे. बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ थारा देण्याबद्दल आहे. दहशतवादी आहे हे जाणून आसरा दिला तर किमान तीन वर्षं, कमाल जन्मठेप. मोहर्लीत थारा देणं हा धंदा, भामरागडला खटला. अंतर एका दिवसाच्या प्रवासाचं.

अल्पकाळ घर भाड्याने देण्याच्या नियमांवर जगात हल्ली बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक बार्सिलोना आणि न्यूयॉर्कबद्दल. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३पासून तीस दिवसांहून कमी भाड्यासाठी नोंदणी आणि यजमानाने घरात हजर असणं सक्तीचं केलं. बार्सिलोनाने तर २०२८पर्यंत पर्यटक-फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने संपू द्यायचं जाहीर केलं. दोन्हीकडे कारण एकच, शहरात राहणाऱ्यालाच घर मिळेना. आपल्याकडच्या कुठल्याच नियमाने हा प्रश्न अजून विचारलेला नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तेवढं जवळ येतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची, अगदी भाडेपट्ट्याने घ्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. १९७४ची ही दुरुस्ती पर्यटनासाठी केलेली नाही, पण जंगलाकडेच्या गावाला तिचाच आधार आहे.

आता गडचिरोलीत वारं फिरतंय. ऑक्टोबर २०२५मध्ये भूपतीने साठेक साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. सुरजागडच्या खाणीमुळे आलापल्ली-एटापल्लीकडे बाहेरच्या माणसांची वर्दळ वाढली आहे. खोल्या महिन्याने जातात, उद्या रात्रीने जातील. आलापल्लीचं जुनं सागवान जंगल २०१४पासून जैवविविधता वारसास्थळ आहे, हेमलकसा आधीपासून लोकांच्या यादीत आहे. पर्यटक येणारच. नियमही लिहिले जातील, आणि समोर तयार नमुना ताडोबाचा असेल.

माडिया गावांत मात्र याहून जुनी एक रीत आहे. बाहेरचा माणूस आला की त्याची झोपायची सोय गोटुलात. गोटुल कुणा एकाच्या मालकीचं नसतं, त्यामुळे पाहुणा एका घराचा नसून गावाचा असतो. तो कोण आहे, का आला, किती दिवस आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. २०१४च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला बरेच अधिकार दिले आहेत. रात्रीच्या मुक्कामाची परवानगी आणि त्या पैशातला गावाचा वाटा तिथेच ठरवायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, “आमच्या गावात कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पहिल्या रिसॉर्टाच्या वेळीच बोललो असतो.”