मौन आणि संमती

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे इतके रुळले आहे की ते कितपत खरे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. देवस्थानच्या महाजनांच्या सभेत ठराव वाचला जातो, कोणी बोलत नाही आणि ठराव संमत होतो. मुलीला स्थळ पसंत आहे काय असे विचारतात, ती खाली पाहते आणि वडीलधारी मंडळी मुहूर्त शोधू लागतात. घरगुती व्यवहारात हे कसेबसे चालून जाते. हेच वचन फौजदारी न्यायालयात शिरले म्हणजे काय होते, तो इतिहास आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भारतीय दंड संहिता १८६० साली झाली. (गोमंतकात ती १९६१ च्या मुक्तीनंतर आली; तोवर तेथे पोर्तुगीज दंडविधान चालत असे.) तिच्या ३७५ व्या कलमाने बलात्काराचे पाच प्रकार सांगितले होते : स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीवाचून, मृत्यूची वा इजेची भीती घालून मिळविलेल्या संमतीने, आपणच पती आहोत या तिच्या भ्रमाचा फायदा घेऊन, आणि मुलगी दहा वर्षांखालील असल्यास, संमती असो वा नसो. यांपैकी वादाचा धुरळा उडाला तो शेवटच्यावर. १८९१ साली ही मर्यादा बारा झाली तेव्हा पुण्यात केवढे रण माजले होते, हे सर्वश्रुत आहे. पुढे परक्या पुरुषाच्या बाबतीत ती १९२५ साली चौदा, १९४९ साली सोळा आणि २०१३ साली अठरा झाली. वय हे आकड्यांत मोजता येते, म्हणून त्यावर भांडणेही सोपे. पण मुळात संमती म्हणजे काय? ते या कलमाने सांगितलेच नव्हते. ९० व्या कलमात भीतीपोटी, गैरसमजाने, वेडाच्या वा नशेच्या भरात दिलेली संमती ही संमती नव्हे, एवढे म्हटले होते. उरलेले सारे न्यायाधीशांच्या विवेकावर.

त्या विवेकाची कसोटी लागली ती चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीला, तिच्या भावाच्या तक्रारीवरून, पोलीस ठाण्यावर आणण्यात आले. जबान्या झाल्यावर बाकीच्यांना जाण्यास सांगितले. तिला मात्र आत थांबवून घेतले. दोघा पोलिसांवर खटला झाला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले : मुलगी पूर्वीच शरीरसंबंधास सरावलेली होती, तेव्हा तिची संमती असणार, असा त्या निकालाचा रोख होता. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो फिरविला. धाकाने आलेली असहाय शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असे त्या न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटले. पंजाब उच्च न्यायालयानेही १९५८ साली हेच तत्त्व मांडले होते. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमेची खूण नाही, आप्तेष्ट जवळ असता हात धरला तेव्हा तिने ओरड केली नाही. मग प्रतिकार झाला असे कसे मानावे? मौनावरून संमती ताडण्याची आपली घरगुती रीत ती हीच.

ज्यांना हा भेद पाश्चात्त्य वाटतो त्यांनी जुने ग्रंथ उघडावेत. बळाने दिलेले, बळाने भोगलेले, बळाने लिहविलेले सर्व न केल्यासारखेच, असा मनुस्मृतीच्या व्यवहारप्रकरणाचा निर्णय आहे. निजलेल्या, मद्याने धुंद झालेल्या वा भान हरपलेल्या स्त्रीला गाठणे याला तीच स्मृती पैशाच म्हणते आणि आठ विवाहप्रकारांत ते सर्वांत अधम मानते. अर्थात त्याच ग्रंथात दंडाचे मान वर्णावर ठरते आणि स्त्रीला कधीच स्वातंत्र्य नाही. तेव्हा आजचा कायदा त्यात शोधण्याचा हव्यास आम्ही धरीत नाही. मात्र बळ आणि संमती यांतील अंतर आपल्या शास्त्रकारांस ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये.

निकालानंतर सुमारे वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरण जाणे येते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हे त्यांचे सूत्र. अंधाऱ्या रात्री पोलीस ठाण्यात अडकलेली गरीब मुलगी खाकी गणवेशापुढे ओरडेल, ही अपेक्षाच त्यांना अमानुष वाटली. त्यावर १९८० साली मुंबई, नागपूर, दिल्ली येथे स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

१९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच गृहीत धरावयाचे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पीडितेचे नाव छापण्यासही त्याच दुरुस्तीने मनाई झाली. देसाईगंजच्या मुलीचे नाव त्यापूर्वीच देशभर झाले होते. आम्ही ते येथे देत नाही. २००२ च्या दुरुस्तीने फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची साक्षीकायद्यातील मुभा गेली. तरीही संमतीची व्याख्या व्हावयास २०१३ साल उजाडावे लागले : शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने, त्या विशिष्ट कृतीसाठी, स्वेच्छेने दर्शविलेली निःसंदिग्ध तयारी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानू नये, हेही तेथे लिहून ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात ही व्याख्या तशीच आली आहे. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीस दिलेली सूटही तशीच आली.

फौजदारी कायदा मागील कृत्यांस लागू होत नाही. देसाईगंजचे दोन्ही आरोपी निर्दोष ठरले ते कायमचे.