मूळ पान आणि त्याचा लिलाव

मुद्रित वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यास एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. ग्रंथ छापून झाला की ज्या कागदावरून तो छापला गेला त्या कागदाचे कोणास काहीच महत्त्व उरत नाही. शिळाछापाच्या काळी तर हे विस्मरण मुद्रणाच्या क्रियेतच गृहीत धरलेले असे. लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली जो छापखाना काढला व ज्याने फारसी, उर्दू व हिंदी ग्रंथांनी अर्धा हिंदुस्थान भरून टाकला, त्या छापखान्यातील कातिब स्निग्ध शाईने विशिष्ट कागदावर लिही. ते अक्षर दाबाखाली शिळेवर उतरे. आवृत्ती निघाली की शिळा घासून पुढील पानासाठी सिद्ध केली जाई. मूळ लेखन कागदावरून गेले, शिळेवरूनही गेले. उरली ती केवळ प्रत. मूळ कोठे आहे, हा प्रश्न त्या छापखान्यात कोणी विचारला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

तोच प्रश्न आज चित्रकथांच्या बाबतीत विचारला जात आहे, आणि तो विद्यापीठांत नव्हे, तर लिलावात विचारला जात आहे. कॉमिक्स या नावाने आपण ज्या पुस्तिका ओळखतो त्यांची हाताने काढलेली मूळ पाने आंतरजालावरील लिलावांतून विकत घेणारा एक संग्राहकवर्ग गेल्या पंचवीस वर्षांत जगभर निर्माण झाला. आपल्याकडे तो अद्याप लहान आहे, परंतु आहे. प्रस्तुत लेखक त्याच्या अगदी कडेला उभा असल्यामुळे, आणि व्यवसायाने अनुवादक असल्यामुळे, या विषयाकडे पाहण्याची त्याची दृष्टी संग्राहकाची नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

लेखकाचे बालपण लखनौच्या सरोजिनी नगरात गेले. कानपूर रस्त्यालगतची ही वस्ती. एका अंगास अमौसीचा विमानतळ, दुसऱ्या अंगास स्कूटरचा सरकारी कारखाना. १९७२ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने इटलीतील लँब्रेटाची यंत्रसामग्री आणून १९७५ पासून उत्पादन सुरू केले, आणि २०२१ साली केंद्र शासनाने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. वडील तेथे नोकरीस होते. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी अशा त्या दुहेरी आयुष्यात रस्त्यावरच्या एका टपरीत दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या कॉमिक्सना मोठे स्थान होते. सुट्टीत पुण्याला गेले की मामांकडे तीच इंद्रजाल कॉमिक्स मराठीत असत. लखनौचा ‘वेताल’ पुण्यात ‘वेताळ’ होई; चित्र तेच, फुग्यातले बोलणे मात्र निराळे. चित्र स्थिर आणि भाषा बदलती, हे अनुवादाचे पहिले ज्ञान लेखकास कोणत्याही आचार्याकडून न मिळता त्या टपरीवरून मिळाले.

या पुस्तिकांच्या इतिहासाचा सांगाडा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली अमर चित्र कथा निघाली. तिच्या ‘कृष्ण’ या पुस्तिकेची चित्रे राम वाईरकरांची. दिल्लीत १९८६ च्या सुमारास राज कॉमिक्सचा उदय झाला. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हिंदी प्रदेशातील मुलांच्या मनात ज्या प्रतिमा ठसल्या त्यांतील पुष्कळशा महाराष्ट्रात रेखाटल्या गेल्या होत्या. नागराज हा हिंदी बालवाचकांचा लाडका नायक. त्याचे आरंभीचे रूप पुण्याच्या प्रताप मुळीकांनी सिद्ध केले. भोकाल रंगविला तो दिलीप कदमांनी. सरोजिनी नगरातील टपरीवरचा मुलगा ज्या रेषेवर लुब्ध होता ती रेषा मराठी हाताची होती, हे त्याला कळण्याचे काही साधन नव्हते. हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात या चित्रकारांचे नाव नाही, आणि मराठीच्याही नाही. कारण पुस्तिका हिंदी, आणि चित्र म्हणजे काही वाङ्मय नव्हे, अशी आपली समजूत.

मराठी अभिरुचीस चित्राचे वावडे होते असे मात्र नाही. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ अंकातील चित्रे, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे यांवर दोन पिढ्या पोसल्या. परंतु त्या चित्रांचेही मूळ कागद ठसे करणाऱ्याच्या टेबलावर गेले की पुढे त्यांचे काय होई याची चौकशी फारशी कोणी केली नाही. चित्र अंकात आले म्हणजे त्याचे जीवितकार्य झाले, अशीच चित्रकारांचीही भावना असावी. चित्रकथेच्या पानाची स्थिती याहून हीन. ते पान स्वतंत्र चित्र म्हणून काढलेलेच नसते. जाड गुळगुळीत कागदावर, छापावयाच्या आकाराहून मोठे, आधी शिसपेन्सिलीने व मग काळ्या शाईने. चुकले तेथे पांढऱ्या रंगाचा लेप. संवाद निराळ्या पट्टीवर लिहून फुग्यात चिकटविलेले. समासात रंगाऱ्याला व छायाचित्रकाराला सूचना. हा एक कामाचा कागद आहे. लोहाराच्या भट्टीजवळचा साचा जसा, तसा. प्रकाशकांच्या कोठारातून असे कागद रद्दीत गेले असल्यास त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

हा कागद मौल्यवान कसा झाला? याचे उत्तर परदेशातच शोधावे लागते. बेल्जियमच्या हर्जेने ‘टिनटिन’मालिकेतील ‘ब्लू लोटस’साठी १९३६ साली केलेले एक मुखपृष्ठचित्र छपाईस फार खर्चिक म्हणून बाजूस ठेवण्यात आले, प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट मिळाले व त्याने घडी घालून खणात ठेवले, असे सांगितले जाते. २०२१ च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात त्या चित्रास ३१ लाखांहून अधिक युरो आले. घडीच्या खुणा कागदावर तशाच होत्या. त्याच्या पुढल्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेतील डॅलस येथील एका लिलावगृहाने स्पायडरमॅनच्या काळ्या वेषाचा उगम दाखविणारे १९८४ सालचे एकच आतले पान ३३ लाख ६० हजार डॉलरना विकले. पहिले उदाहरण निदान मुखपृष्ठाचे; दुसरे कथेच्या पोटातील एक पान. येथे मूल्य रेषेचे नाही, कथेतील क्षणाचे आहे. ज्या क्षणी वाचक दहा वर्षांचा असताना थरारला होता तो क्षण पन्नाशीत विकत घेता येतो, हीच या बाजाराची खरी प्रेरणा.

भारतीय संग्राहकाची प्रेरणा याहून वेगळी नाही. केवळ रकमा लहान. लिलावाची रीत मात्र सर्वत्र सारखी. पानाचे छायाचित्र पडद्यावर येते, आरंभीची बोली ठरते, काही वेळा विक्रेत्याची राखीव किंमत गुप्त असते. मुदत संपता संपता बोली चढू लागते, आणि कित्येक ठिकाणी शेवटच्या मिनिटास बोली आली की मुदत आपोआप वाढते. जिंकणाऱ्यास बोलीवर शुल्क निराळे द्यावे लागते. कागद हाती न घेता, उजेडासमोर न धरता, त्याचा वास न घेता हा व्यवहार होतो. जुन्या पोथ्यांचा व्यापारी निदान गिऱ्हाइकाला पोथी उलगडू देई.

लेखकाने अशा लिलावात दोनदा भाग घेतला. पहिल्या खेपेस मूळ म्हणून घेतलेले पान सरोजिनी नगरच्या घरी पोहोचले, आणि भिंगाखाली त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली. ते छापील होते. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत; असो. दुसऱ्या खेपेचे पान खरे निघाले. चित्रकाराची सही नसलेले, ऐंशीच्या दशकातील कुठल्याशा हिंदी पौराणिक चित्रकथेचे ते पान. विक्रीच्या वर्णनात, कडेला फिकट निळे डाग असून ते स्वच्छ करता येतील, असा उल्लेख होता. ते डाग नव्हते. ती निळ्या पेन्सिलीतील अक्षरे होती. छपाईच्या कॅमेऱ्यास फिकट निळा रंग दिसत नाही म्हणून चित्रकार सूचना त्या रंगात लिहीत. आणि अक्षरे मराठी होती. ‘इथे ढग नकोत’ असे एका चौकटीशेजारी. दुसऱ्या ठिकाणी ‘मुकुट मागच्या पानासारखा’. फुग्यावरील हिंदी पट्टीचा एक कोपरा सुटलेला होता. तिच्याखाली आधीची, थोड्या लांब वाक्याची दुसरी पट्टी होती. वाक्य फुग्यात मावेना म्हणून कोणीतरी ते कापून दुसरे बसविले होते. अनुवादकाने आयुष्यभर जे केले त्याचा इतका उघड पुरावा त्यास पूर्वी कधी मिळाला नव्हता.

छापील प्रतीत यांतले काहीच नाही. ढग नाहीत, एवढेच तेथे दिसते. ते नकोत असे कोणी कोणत्या भाषेत म्हटले हे दिसत नाही. हिंदी पुस्तिकेच्या मागे असलेली मराठी कार्यशाळा, वाक्याची काटछाट, चित्रकार व संपादक यांच्यातील वाद, हे सारे केवळ मूळ पानावर उरते. म्हणून मूळ पान हे लेखकाच्या मते चित्रकलेचा नमुना होण्याआधी वाङ्मयीन हस्तलिखित आहे. आपण कवींच्या वह्यांतील खाडाखोड अभ्यासतो. ही खाडाखोड अभ्यासण्यास आपल्याला संकोच का वाटावा?

‘मुकुट मागच्या पानासारखा’ ही सूचना वाचून लेखकाने मागच्या पानाचा शोध घेतला. ते त्याच विक्रेत्याने त्याच महिन्यात दुसऱ्या कोणास विकले होते. सगळी कथा पान-पान करून विकली गेली होती, व ग्राहकांची नावे सांगणे त्याच्या नियमात बसत नव्हते. पूर्ण कथेपेक्षा सुटी पाने अधिक पैसे आणतात, आणि त्यांतही नायक झेप घेतो ते पान सर्वांत महाग. दोन माणसे नुसती बोलत बसली आहेत ते स्वस्त. लेखकास परवडलेले पान अर्थातच बोलणाऱ्यांचे होते.

या विघटनास इतिहासात आधार आहे, आणि तो मोठा खेदजनक आहे. इराणचा शाह तहमास्प याच्यासाठी सिद्ध झालेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. विसाव्या शतकात ती पोथी ऑर्थर हॉटन या अमेरिकन धनिकाकडे आली. त्याने ती सोडविली. ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास गेली, १९७६ पासून काही पाने लिलावात सुटी विकली गेली, आणि उरलेली ११८ चित्रे १९९४ साली एका आधुनिक चित्राच्या मोबदल्यात इराणला परतली. फार दूर जाण्याचेही कारण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी ज्या चित्रांच्या आधारे रामायण-महाभारतातील आख्याने सांगत, त्यांची पोथी असे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून एक पान होई, आणि पाने क्रमाने उलटत कथा पुढे सरके. ही चित्रे ‘पैठण शैली’ या नावाने कलाबाजारात आली तेव्हा पोथीचा क्रम सुटला. पान चौकटीत गेले आणि भिंतीवर लागले. पाठीवरचे चित्र भिंतीकडे तोंड करून राहिले. त्याचे आख्यान कोणते, ते सांगण्यास भिंतीजवळ चित्रकथी नव्हता. आपल्या चित्रकथेच्या पानाची गोष्ट यापेक्षा निराळी होत आहे असे लेखकास दिसत नाही.

लिलावाची निंदाच करावी, असे मात्र नाही. ज्या कोठारांनी पाने सांभाळली नाहीत, ज्या ग्रंथालयांनी ती ठेवून घेण्याचा विचारही केला नाही, त्यांना लिलावास नावे ठेवण्याचा अधिकार पोहोचत नाही. किंमत आली म्हणून पान रद्दीतून वाचले, हे सत्य आहे. शिवाय लिलावाच्या सूचीत पानाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, व काही काळ तरी ती कोणासही पाहता येतात. अभ्यासकांनी ती उतरवून घेण्याची शिस्त लावली तर विखुरलेली कथा निदान प्रतिमेत पुन्हा जुळविता येईल.

चित्रकाराच्या वाट्याचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. अमेरिकेत जॅक कर्बीसारख्या श्रेष्ठ चित्रकारास आपलीच पाने परत मिळविण्यासाठी प्रकाशकाशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९८७ साली त्याच्या हाती सुमारे दोन हजार पाने आली, आणि त्याने काढली होती त्याच्या कितीतरी पट. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली घातलेले कलम ५३ अ वरवर पाहता उदार आहे. मूळ चित्र, रेखाचित्र वा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास कर्त्याला वा त्याच्या वारसाला त्या किमतीत वाटा मिळावा, आणि तो दहा टक्क्यांच्या आत असावा, असे ते म्हणते. परंतु कर्ता हा त्या कृतीच्या हक्काचा प्रथम स्वामी असला पाहिजे, ही त्यातली अट. नोकरीत असताना केलेल्या कामाचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, बहुधा मालकच ठरतो. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राचीही तीच गत. आपल्या चित्रकथाकारांनी काम केले ते बहुतेक प्रकाशकाच्या सांगण्यावरून, पानामागे ठरलेल्या दराने. कायद्याचे दार त्यांच्या नावाने उघडले खरे, पण उंबरठा इतका उंच की पाय टाकणे दुष्कर.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. त्याच्या दृष्टीने सामान्यतः शंभर वर्षे लोटल्यावाचून वस्तू पुरावस्तू होत नाही. हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षे, तेही त्यास वाङ्मयीन वा ऐतिहासिक महत्त्व असेल तर. राजा रविवर्म्याचे चित्र देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, कारण ते कलानिधी म्हणून घोषित आहे. १९७० सालचे चित्रकथेचे पान उद्या टपालाने न्यू जर्सीस गेले तर त्यास कोणता अडसर नाही. पुरावस्तू होण्यास त्यास २०७० उजाडावे लागेल, आणि तोवर सांगण्याजोगे किती पाने येथे राहतील हे सांगता येत नाही. आता हे पान चित्र की हस्तलिखित, हा आपण वर काढलेला प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर पंचवीस वर्षांचा फरक अवलंबून आहे.

सरोजिनी नगरातील ती टपरी आता नाही. लेखकाने आपले पान काचेत बसविलेले नाही. सुटलेली पट्टी चिकटविण्याचा मोहही आवरला आहे, कारण ती चिकटविली तर खालचे वाक्य पुन्हा झाकले जाईल. ते सपाट पेटीत, आम्लरहित कागदांच्या मध्ये ठेवले आहे, आणि पेटीवर मराठीत लिहिले आहे: पान अकरा, दहावे पान दुसऱ्याकडे.