डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीतील धोरणे

मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी फेब्रुवारी १९३७ मध्ये झालेल्या निवडणुकीत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे मुंबई शहरातील भायखळा व परळ या मतदारसंघाच्या राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार होते. अस्पृश्यांचे पुढारी ही त्यांची ओळख तोवर सर्वत्र झालेली होती. परंतु या निवडणुकीत त्यांनी मतदारांपुढे ठेवलेला कार्यक्रम प्रामुख्याने कुळे, शेतमजूर व गिरणी कामगार यांच्या प्रश्नांचा होता. आंबेडकरांच्या चरित्रात पुणे करार आणि राज्यघटना यांच्या मधल्या या कालखंडाकडे वाचकांचे लक्ष कमी जाते.

पार्श्वभूमी

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा असून त्यांपैकी १५ अस्पृश्य वर्गासाठी राखीव होत्या. मताधिकार सार्वत्रिक नव्हता. तो मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम आखला गेला त्या भूमिहीनांपैकी पुष्कळांना मतच नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख हेतुतः टाळलेला होता.

शेती व जमीन

शेतजमिनीचे तुकडे पडणे आणि शेतीवर अतिरिक्त लोकसंख्येचा भार असणे, ही दारिद्र्याची मुख्य कारणे होत, असे जाहीरनाम्यात म्हटले होते. हा विचार आंबेडकरांनी निवडणुकीपुरता स्वीकारलेला नव्हता. भारतातील लहान शेतांवरील १९१८ च्या निबंधात त्यांनी हेच प्रतिपादन केले होते आणि उद्योगधंद्यांची वाढ हाच त्यावरचा खरा उपाय ठरविला होता. जाहीरनाम्यातही जुन्या उद्योगांचे पुनरुज्जीवन, नव्या उद्योगांची उभारणी व तांत्रिक शिक्षणाचा प्रसार यांवर भर होता. जनहितासाठी आवश्यक तेथे उद्योगांची मालकी व व्यवस्थापन सरकारने स्वतःकडे घ्यावे, हे तत्त्व पक्षाने मान्य केले होते. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, सहकारी पतसंस्था व खरेदी-विक्री संघ यांची योजना होती. खोत व तालुकदार यांच्या जुलमापासून कुळांना संरक्षण देण्याचे अभिवचनही होते.

कामगार

कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेसे वेतन, भरपगारी रजा, निवृत्तिवेतन, आरोग्यदायी व स्वस्त घरे, तसेच नोकरीवर घेणे, काढणे व बढती देणे यांवर कायद्याचे नियंत्रण, अशा मागण्या पक्षाने मांडल्या. येथे एक जुना सल होता. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व इतरांना त्याचा विटाळ वाटे. ही बंदी उठविण्याचा आग्रह आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळीच धरला होता. कामगारांच्या एकीची भाषा करणाऱ्या संघटनांनाही हा प्रश्न अडचणीचा वाटे.

शिक्षण व ग्रामसुधारणा

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, प्रौढशिक्षण व विद्यापीठांची पुनर्रचना यांचा उल्लेख जाहीरनाम्यात आढळतो. गावात आरोग्यव्यवस्था, घरबांधणी, सभागृह, ग्रंथालय आणि फिरता चित्रपट असावा, अशीही कल्पना होती; त्या काळाच्या मानाने शेवटची बाब मोठी मौजेची आहे.

निकाल

आंबेडकरांचे प्रमुख प्रतिस्पर्धी काँग्रेसचे उमेदवार, विख्यात फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू हे होते. आंबेडकरांना १३,२४५ व बाळू यांना ११,२२५ मते पडली. पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आले. त्यांत अनंत चित्रे व शामराव परुळेकर हे सवर्ण कार्यकर्तेही होते.

विधानसभेतील पाठपुरावा

जाहीरनाम्यातील अभिवचनांची खरी कसोटी खोतीच्या प्रश्नावर लागली. कोकणात, विशेषतः रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत, सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत असे. तो साऱ्याबरोबर स्वतःचा वाटा वसूल करी आणि कुळांकडून वेठही घेई. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यास कब्जेदाराचे हक्क मिळावेत, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानसभेवर नेला. त्यात मोठ्या संख्येने कुणबी कुळे होती आणि तेथे जातीपेक्षा जमिनीचे नाते प्रबळ ठरले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात विधेयक मात्र संमत झाले नाही. महार वतनासंबंधीचे विधेयकही त्यांनी १९२८ नंतर १९३७ मध्ये पुन्हा आणले, तेही तडीस गेले नाही.

१९३८ च्या औद्योगिक तंटा विधेयकाने विशिष्ट परिस्थितीत संप हा शिक्षापात्र गुन्हा ठरत होता. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावणे ही गुलामगिरीच होय, असा युक्तिवाद आंबेडकरांनी सभागृहात केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह अन्य कामगार संघटनांबरोबर त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक तरीही संमत झाले. त्याच महिन्यात पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला.

पुढील काळ

काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यावर हे संसदीय कार्य थांबले. १९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली आणि पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख आला. खोती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने नष्ट झाली. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. तो झाला तेव्हा आंबेडकर हयात नव्हते.