हायकोर्ट जिकडे, घड्याळ तिकडे

माणसाला घड्याळ लागतं ते गाडी पकडायला. या हिशेबाने आम्हा बीडकरांना घड्याळाची पहिली खरी गरज १७ सप्टेंबर २०२५ रोजी पडली. त्या दिवशी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. (परळीकरांनी रागावू नये. त्यांच्या गावाला निजामाच्या काळापासून स्टेशन आहे, हे ते आम्हाला विसरू देत नाहीत. मी बीड शहरापुरतं बोलतोय.) तोवर आमची भिस्त एस.टी.वर, आणि एस.टी. पकडायला घड्याळापेक्षा चिकाटी आणि खिडकीतून आत टाकायला एक रुमाल जास्त उपयोगी पडतो.

आणि तरीही, वाचकहो, आमच्या गावात भारी घड्याळांचा शौक तीन पिढ्यांपासून आहे, आणि तो आहे वकील मंडळींमध्ये. हे मला फार दिवस कोडं होतं. कारण वकिलाला तर आमच्यापेक्षाही घड्याळ कमी लागतं. कोर्टात किती वाजले हे काट्यावरून कळत नाही. पट्टेवाला दारात येऊन पुकारा करतो, तेव्हा वाजतात.

मी बँकेत कारकून. बी.कॉम. असल्यामुळे जमाखर्चापलीकडचा इतिहास मला शिकवला गेला नाही. जो काही शिकलो तो लॉकरच्या दारात. आमच्या शाखेत एका वयस्क वकीलसाहेबांचा लॉकर आहे. इतर गिऱ्हाइकं लॉकरमध्ये जातात, दागिने आहेत एवढी खात्री करून घेतात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात. वकीलसाहेब दर सोमवारी येतात आणि पाऊण तास आत बसतात. एकदा शाखेत नवा आलेला शिपाई धावत माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "साहेब, तिजोरीत काहीतरी टिकटिकतंय." बाँब म्हणायचं धाडस त्याला झालं नाही, पण शब्द ओठावर होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आज सोमवार आहे. वकीलसाहेबांनी एकोणीस घड्याळांना किल्ली दिली आहे. उद्या रात्रीपर्यंत ती आपोआप गप्प होतील.

मी एकदा विचारलं, "वकीलसाहेब, एका माणसाला मनगटं दोन. एकोणीस घड्याळं कशाला?"

"बँकवाले," ते म्हणाले, "आमचा कोट काळा, बँड पांढरा, पँट कायद्याने ठरलेली. पहिल्या वर्षाचा पोरगा आणि चाळीस वर्षं वकिली केलेला मी, पक्षकाराला लांबून दोघंही कावळेच. बार कौन्सिलने आमचं फक्त मनगट मोकळं सोडलंय."

ही गोष्ट मला पटली. सराफाला गळ्यात साखळी घालता येते, पुढाऱ्याला गाडी मिरवता येते. वकिलाची सगळी पत चार बोटं रुंदीच्या कातडी पट्ट्यावर उभी. पण ते घड्याळ आणायचं कुठून? त्याचं उत्तर वकीलसाहेबांनी एका वाक्यात दिलं. "हायकोर्ट जिकडे, घड्याळ तिकडे." पुढचा सगळा इतिहास म्हणजे या वाक्याचं भाष्य आहे.

आमचं पहिलं हायकोर्ट हैदराबादला, मुसी नदीच्या काठी. वकीलसाहेबांचे आजोबा निजामाच्या अदालतीत वकिली करत. अपील निघालं की जालन्यापर्यंत मोटारीने आणि पुढे मनमाड-सिकंदराबादच्या लहान रुळाच्या गाडीने जात. कामकाज उर्दूत. कागदावर साल फसली, म्हणजे इंग्रजी सालातून सुमारे ५९० वजा करा. पैसे हाली शिक्क्याचे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा भाव ऐकून माझ्यातला कारकून सुखावला. हल्लीच्या कॉम्प्युटरला हे गणित घातलं तर तो रजेवर जाईल. आजोबांनी हैदराबादेत वेस्ट एंड कंपनीचं साखळीचं घड्याळ घेतलं. तेव्हा आपल्याकडे भारी घड्याळ म्हणजे वेस्ट एंड नाहीतर फेवर लुबा. फेवर लुबाने तर १८६५ सालीच मुंबईत दुकान थाटलं होतं. म्हणजे आजोबांच्या खिशात घड्याळ स्वित्झर्लंडचं, त्यातला रुपया निजामाचा, वर्ष अकबर बादशहाने सुरू केलेलं आणि वेळ पट्टेवाल्याची.

मनगटी घड्याळ आजोबांनी आयुष्यभर बांधलं नाही. ते बायकी समजत. यात त्यांचं एकट्याचं काही चुकत नव्हतं. पहिल्या महायुद्धापर्यंत सगळ्या जगातल्या पुरुषांचं तेच मत होतं. खंदकात एका हाताने बंदूक आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपणं जमेना, तेव्हा कुठे घड्याळ खिशातून मनगटावर चढलं. आपल्या देशाचाही या शास्त्रात थोडा हातभार आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून १९३१ साली 'रिव्हर्सो' नावाचं तोंड फिरवून पालथं ठेवता येणारं घड्याळ निघालं. आजही त्याची किंमत ऐकली की तोंड फिरवावंसं वाटतं, आपलं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचं राज्य संपलं, पण हायकोर्ट आठ वर्षं हैदराबादलाच राहिलं. त्या काळातली आजोबांची एक आठवण वकीलसाहेब सांगतात. १९५१ साली सालारजंग म्युझियम उघडलं. तिथे एक प्रसिद्ध घड्याळ आहे. त्यातून दर तासाला एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो. लोक खुर्च्यांवर बसून त्याची वाट बघतात. आजोबांनी ते पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "पट्टेवालाच आहे. फक्त पोस्त मागत नाही."

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हायकोर्टाने तोंड पश्चिमेला फिरवलं. उर्दूत मुरलेले जुने वकील एका रात्रीत नवशिके झाले. आजोबांनी कोट खुंटीला टांगला आणि वडिलांनी मुंबईची वाट धरली. मुंबईच्या हायकोर्टाला लागूनच राजाबाई टॉवर. दोन्ही इमारती १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या. या मुंबईने घड्याळाच्या बाबतीत केलेला पराक्रम वकिलाच्या जातीला शोभेल असाच आहे. १९०६ साली साऱ्या देशाला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची आपली वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. मुंबईकरांनी सांगितलं, आम्ही मागेच राहणार. आणि पुढची चाळीसेक वर्षं शहरात दोन-दोन वेळा नांदल्या. प्रत्यक्ष काळाच्या विरुद्ध इतका लांब स्टे आणखी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पण वडिलांच्या काळात अडचण वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं आली. सरकारने बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना काढला. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन अशी एकेक नावं. ही घड्याळं चांगली होती, पण इतकी चांगली की मिळतच नसत. जावयाला एच.एम.टी. द्यायचं कबूल करून बसलेल्या सासऱ्यांनी त्या काळात काय काय खटपटी केल्या असतील त्या कारखान्याच्या मॅनेजरलाच ठाऊक. शिवाय वकिलाने 'जनता' बांधायचं म्हणजे पंचाईत. जनता तर समोर बाकावर बसलेली.

तेव्हा वडील अपिलासाठी मुंबईला गेले की संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात एक चक्कर टाकत. तिथे काय मिळायचं हे त्या पिढीला सांगायला नको. दिवसा कायद्याचा कीस आणि संध्याकाळी स्वित्झर्लंडचं घड्याळ, विनापावती.

आता यातली खरी गंमत ऐका. आपल्या कायद्यात खुनाच्या आरोपीलाही गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात. सिद्ध करायचं ते सरकारने. पण १९६२ च्या कस्टम्स ॲक्टमध्ये १२३ नंबरचं एक कलम आहे. माल तस्करीचा आहे अशा वाजवी समजुतीने जप्त झाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा बोजा ज्याच्याकडून तो घेतला त्याच्यावर. कुठला माल? संसदेने कलमातच नावं घालून ठेवलीत. एक सोनं आणि दुसरं घड्याळ. म्हणजे वडिलांनी आयुष्यभर 'पुराव्याचा बोजा सरकारवर आहे, माय लॉर्ड' असा हात वर करून युक्तिवाद केला, आणि त्याच हातावर असा ऐवज होता की ज्याचा बोजा त्यांच्यावरच होता. वकीलसाहेब म्हणतात, हायकोर्टात बाबा हात बेताचाच वर करत. बाही खाली सरकली तर केस मजबूत असून उपयोग नव्हता.

ते कलम अजून आहे. घड्याळही कलमातून निघालेलं नाही.

२७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. त्यावरही सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं आणि १९८४ साली ते कायम झालं. मुंबईची रात्र-रात्र वारी संपून बीडचा वकील सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येऊ लागला. मराठवाड्याचा पक्षकार सुखी झाला. मुसाफिरखाना मात्र तुटला. तोवर टाटांचं टायटन निघालं, किल्लीची कटकट गेली, सेलवरची घड्याळं भाजीसारखी स्वस्त झाली. पुढे २००१ पर्यंत आयातीची बंधनंही उठली आणि रोलेक्स, ओमेगा राजरोस काचेच्या कपाटात येऊन बसले. वकीलसाहेबांनीही एक ओमेगा घेतलं. पक्की पावती, जी.एस.टी.सकट. ते दाखवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. लग्न ठरलेल्या मुलीशी गच्चीवर चोरून बोलायला गेलो आणि सासूबाईच चहा घेऊन आल्या, तसा.

जमवण्याच्या या नादात हल्ली आणखी एक उलटापालट झाली आहे. २०१६ साली सरकारने एच.एम.टी.ची घड्याळं बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून तीच घड्याळं लोक शोधत फिरू लागले. जिला वडील हात लावत नव्हते ती 'जनता' आता बाररूममध्ये कौतुकाने मनगटावर चढते. मागणी आली तसे कारागीरही आले. जुनं यंत्र, नवी रंगवलेली तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे. अशा जुळवाजुळवीला जाणकार 'मुंबई स्पेशल' म्हणतात. वकीलसाहेब भिंग लावून असं घड्याळ दोन मिनिटांत पकडतात. साक्षीदार पढवलेला आहे हे जसं कळतं तसंच कळतं म्हणे. सगळं जरा जास्तच जुळत असतं.

मी त्यांना एकदा खिजवलं. "भारतातल्या सगळ्यात प्रसिद्ध वकिलाकडे एकच घड्याळ होतं आणि तेही कमरेला लटकवलेलं." महात्मा गांधींचं ते झेनिथ. २००९ साली न्यूयॉर्कला लिलाव झाला. चष्मा, चपला, वाडगा आणि ताटलीसकट ते अठरा लाख डॉलरला विजय मल्ल्यांनी घेतलं. आम्हा बँकवाल्यांना मल्ल्यांचं नाव पुढे वेगळ्या कारणाने पाठ झालं, ते असो. वकीलसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "त्यांनी ते घड्याळ वेळेसाठी वापरलं. त्यांना दुसऱ्याचा वेळ म्हणजे काय ते कळत होतं. आम्हाला तेवढंच शिकवलं नाही." आणि लॉकरमधला एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

आत एच.एम.टी. जनता. काचेवर ओरखडे, पट्टा विरलेला. खाली घडी केलेली चिठ्ठी, तिच्यावर दाव्याचा नंबर आणि साल १९८१. पाटोद्याकडचा एक ऊसतोड कामगार. भावकीतला वाटपाचा दावा. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर निघाला तेव्हा फीला पैसे नव्हते. उचल होती ती घरात खर्ची पडलेली. लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ त्याने वडिलांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पट्टा पडला की येतो, सायेब. पैसे देतो अन् घेऊन जातो."

दाव्याचा प्राथमिक हुकूमनामा झाला. वरच्या कोर्टात अपील झालं, ते खंडपीठापर्यंत जाऊन परत आलं. मग कलम ५४ खाली जमिनीची प्रत्यक्ष वाटणी करायला कागद कलेक्टर कचेरीत गेले. मधल्या काळात तो माणूस वारला, वारस लागले. वडील वारले, वकीलपत्र मुलाकडे आलं. तारखा बहुतेक हंगामातच पडायच्या, म्हणजे पार्टी हजर नाही, म्हणजे पुढची तारीख. बारा एकरांचा दावा. दोन पिढ्या आमच्या तारखांवर जगल्या, असं वकीलसाहेब म्हणाले आणि त्या घड्याळाला हळूहळू किल्ली देऊ लागले. दर सोमवारी पहिली किल्ली त्यालाच.

मी म्हटलं, "याला आता शौकीन चांगले पैसे देतील."

"देतील की. पण ते आमचं कुठं आहे? अनामत आहे ती. बँकेत असून तुम्हाला अनामत कळत नाही?"

त्या कामगाराच्या नातवाला त्यांनी मागच्या महिन्यात फोन लावला होता. घड्याळ घेऊन जा, पैसे नकोत, म्हणून. तो सध्या कोल्हापूरकडे तोडीवर आहे. म्हणाला, "राहू द्या साहेब तुमच्याकडंच. मोबाइलमध्ये दिसतंय की टाइम. तारखेचं काय झालं तेवढं सांगा."

तारीख चैत्रातली मिळाली आहे. तोवर पट्टा पडेल.